७०० मिली ऑइल, लिटरचं बिल

म्हापसा असो की मडगाव, स्कूटर सर्व्हिसिंगला टाकली की ठरलेलं वाक्य कानावर येतं: "बाब, फुल सिंथेटिक घालतो, इंजिन लोण्यासारखं चालेल!" बिलावर लिटरभर सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं महागडं इंजिन ऑइल) लागतं. बऱ्याच स्कूटरींच्या इंजिनात मात्र साधारण ७०० मिलीच जातं. उरलेलं ३०० मिली कोपऱ्यातल्या कॅनमध्ये पडतं, आणि अशा तिघांचं उरलंसुरलं चौथ्या गिऱ्हाइकाला पुरून उरतं. त्याच्याकडूनही पैसे पूर्ण लिटरचे. मिनरल (कच्च्या तेलातून काढलेलं साधं), सेमी (दोन्हींचं मिश्रण), सिंथेटिक, आणि १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० असे दाटपणाचे ग्रेड, सगळ्याचा काला! रंग पाहून हे ओळखता येत नाही, बोटांवर चोळून तर नाहीच.

मुळात सिंथेटिक हवंच का? कडाक्याच्या थंडीतही पातळ राहणं हा त्याचा मोठा गुण, आणि गोव्यात त्याची गरजच पडत नाही. जास्त उष्णतेत टिकणं हा दुसरा. तो लांब पल्ल्याच्या, खूप तापणाऱ्या इंजिनाला उपयोगी. घर ते बाजार अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, ऑइलात पाण्याचा अंश आणि पेट्रोल मिसळत राहतं. महागडं ऑइलही त्यातून सुटत नाही. अशा वापराला मॅन्युअलमधल्या ग्रेडचं साधं ऑइल मुदतीत बदललेलं बरं. मॅन्युअलच सिंथेटिक मागत असेल तर गोष्ट वेगळी. 'सेमी' हा शब्द तर फारच सैल. त्यात सिंथेटिक किती टक्के असावं, याचं बंधनकारक प्रमाण नाही.

खरा दुहेरी फटका बसतो गिअरच्या बाइकला. तिचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो, म्हणून बाटलीवर जासो (दुचाकी ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. (बहुतेक स्कूटरींना एमबी चालतं, कारण त्यांचा क्लच कोरडा.) "भारीतलं" म्हणून कारचं ऑइल ओतलं, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरू शकतो: रेस दिली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. मग मेस्त्री क्लच प्लेट गेल्याचं सांगून दुसरं बिल काढतो. आधी योग्य ऑइल घालून पाहा. प्लेटी जळल्या नसतील तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

बाटली समोर उघडायला लावा. झाकणाची कडी अखंड आणि आतलं फॉइल चिकटलेलं हवं. उरलेलं ऑइल घरी न्या. लेव्हल मेन स्टँडवर, सपाट जागी बघा; ऑइल मोजायची काठी (डिपस्टिक) पुसून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे आत घाला. वरच्या खुणेपलीकडे भरलेलं ऑइल फेसाळतं, ते थोडं काढायला सांगा. पावसाळ्यात पाणी शिरून ऑइल दुधाळ झालं असेल, तर जात कुठलीही असो, लगेच बदला.

बिलावर ब्रँड, ग्रेड आणि मिली लिहून घ्या. बिलावरचा जीएसटी क्रमांकही बघा, गोव्यातला ३० ने सुरू होतो. तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि रिकामी बाटली झाकणासकट गॅरेजमध्ये सोडू नका, भोक पाडूनच टाका. तीच पुन्हा भरली जाते.