35 नंबरची जर्सी, आपल्या पेठेत शिवलेली

भाच्याला बड्डेला अमेरिकेच्या एनबीए लीगमधला बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंट, त्याची ओक्लाहोमा टीमची निळी जर्सी पाहिजे होती. आधी ऑनलाइन मागवली तर पहिल्याच धुण्यात 3 चा आकडा सोलून निघाला, पोरगं रडकुंडीला आलं, मग त्याला घेऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत गेलो, जिथं फुटबॉल टीमच्या जर्स्या शिवतात तिथं. काम एक नंबर झालंय म्हणून लिहितोय.

आपल्याकडं सगळं फुटबॉलच, त्यामुळं दुकानातल्या काकांना ड्युरंट माहीत नव्हता. माप घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "35च का रं बाळा?" पोरगं सुटलंच. ड्युरंटचे लहानपणीचे कोच चार्ल्स क्रेग वयाच्या 35व्या वर्षी गोळीबारात गेले, त्यांच्यासाठी त्यानं हा नंबर घेतला. काका टेप गळ्यात टाकून ऐकत राहिले आणि म्हणाले, "मग ह्यो आकडा निघता कामा नये." हीट प्रेस (गरम दाबून चिकटवलेला नंबर) नको म्हणाले, कापडाचाच नंबर कापला, खाली दुसऱ्या रंगाची कड ठेवली आणि सगळीकडनं बारीक झिगझॅग शिलाई मारली. बोट फिरवलं की टाके लागतात हाताला.

तो नंबर तसाच टिकायला पाहिजे होता, कारण ड्युरंट माणूसच टिकणारा आहे. 2007 ला सिएटल टीमनं ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या नंबरला घेतला, वर्षभरात टीमच ओक्लाहोमाला गेली, तिथं 2010, 11, 12 आणि 14 असे चार वेळा लीगचा टॉप स्कोरर, 2014 ला तर मॅचमागं 32 पॉइंट आणि एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. ओक्लाहोमा सोडून गोल्डन स्टेट टीमला गेला म्हणून लोक अजून बोलतात, पण 2017 आणि 2018 दोन्ही फायनलचा एमव्हीपी तोच होता की, अजून काय करायचं माणसानं. 2019 च्या फायनलमधे टाचेची शीर तुटली, अख्खा पुढचा सीझन बाहेर. आणि 2021 ला ब्रुकलिनकडनं मिलवॉकीविरुद्ध गेम सेव्हन, म्हणजे सिरीजची शेवटची निर्णायक मॅच, आपल्याकडं रविवारची सकाळ, मी चहा हातात धरून उभाच, शेवटच्या सेकंदाला त्यानं मारला, तीनचा असता तर जिंकले असते, पण बुटाचा अंगठा तीन पॉइंटच्या रेषेवर, दोनच मिळाले, बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममधे (जादा वेळेत) हरले. 48 पॉइंट करून. आजही आठवलं की पोटात कालवतं.

असो, जर्सीचं. कापड डॉट निट (ठिपक्याठिपक्याच्या विणीचं), घाम धरत नाही. 850 रुपये घेतले, शिलाई बघता जास्त नाहीत. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले कारण टीमच्या ऑर्डरी होत्या, तेवढं धरून जावा. गळा जरा घट्ट झालेला, तो तिथल्या तिथं उसवून फुकट करून दिला.

सहा धुणी झाली, एक टाका हललेला नाही. आता पोराला ड्युरंटचीच ह्यूस्टन टीमची 7 नंबरची पाहिजे, काकांनी माप वहीत लिहून ठेवलंय.