शेंगदाणा, करडई की तूप? रिपोर्ट हातात आल्यावरचा हिशोब

बाबांचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आला, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 162, आणि घरात दोन पक्ष पडले. आई तुपाची, बहीण करडईची. किराणा मी आणतो, त्यामुळे डबा कुठला उचलायचा हे शेवटी माझ्याच गळ्यात.

आधी भांडण नेमकं कशावरून ते बघू. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) पोटात जास्त गेली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. हे कण रोहिणीच्या अस्तरात शिरून अडकतात, ऑक्सिडाइझ होतात. त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी स्वतःच फुगून तिथेच ठाण मांडतात. हाच दाह. एचएस-सीआरपी या रक्ततपासणीत त्याचा अंदाज येतो: 1 च्या खाली ठीक, 3 च्या वर काळजीचं. (सर्दी-तापात केलीत तर पैसे वाया, आकडा उगाच चढतो.) 2017 च्या कँटोस चाचणीत एलडीएल जवळपास होतं तिथेच राहिलं, औषधाने फक्त दाह उतरवला, तरी पुन्हा येणारे हृदयविकाराचे झटके घटले.

आता तूप. त्यात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी, म्हणजे चहाच्या चमच्याला साधारण 3 ग्रॅम. 2000 कॅलरी खाणाऱ्याला दिवसाची मर्यादा 22 ग्रॅमच्या आसपास. एलडीएल वाढलेल्याला 13 च. वरणभातावर एक चमचा, दोन पोळ्यांना एकेक, की 9 संपले. दूध, दही, पनीर अजून मोजायचंच आहे. तूप विष नाही, पण आमची आई ज्याला चमचा म्हणते तो आमटी वाढायचा असतो.

खोबरेल तेलात संपृक्त चरबी जवळपास 90 टक्के. गोव्याकडे स्वयंपाकात ते चालतं, माश्याच्या कढीत छानही लागतं. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वाढतं म्हणून त्याची भलामण होते. एलडीएलही वाढतं, ते कुणी सांगत नाही.

खरी चुरस करडई आणि शेंगदाण्यात. नेहमीच्या करडईत संपृक्त फक्त दहाएक टक्के आणि लिनोलेइक आम्ल सत्तरच्या वर. हे ओमेगा-6 गटातलं असंपृक्त चरबीचं आम्ल, म्हणून ‘दाह वाढवतं’ असे फॉरवर्ड फिरतात. माणसांवरच्या नियंत्रित चाचण्यांत मात्र लिनोलेइक वाढवल्यावर दाहाचे आकडे चढलेले दिसले नाहीत, आणि संपृक्त चरबीच्या जागी ते आलं की एलडीएल उतरतं. म्हणजे कागदावर करडई पुढे. पण तिला कढईत धीर नाही: लिनोलेइक तापवलं की लवकर बिघडतं. शेंगदाण्यात संपृक्त थोडं जास्त, 17 ते 20 टक्के, पण निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल, म्हणून ते आच जास्त सोसतं.

आमच्याकडे निकाल लागला तो दिवाळीच्या तळणीमुळे. चकल्यांचं उरलेलं तेल स्टीलच्या डब्यात गाळून ठेवलेलं, तळाशी काळा गाळ, तापवलं की फेस आणि डोळ्यांना झोंबणारा वास. तेच आठ दिवस बटाट्याच्या भाजीला. असं तेल करडईचं की घाण्याचं, हा प्रश्न फिजूल आहे. ते मी टाकून दिलं. आई दोन दिवस बोलली नाही.

वनस्पती तुपाला घरात जागा नाही. 2022 पासून कायद्याने ट्रान्स फॅट 2 टक्क्यांवर आणलं आहे, तरी संपृक्त चरबी भरपूर उरतेच. बेकरीची खारी त्यातच आली.

मग घेतलं काय? फोडणीला शेंगदाणा, माणशी महिन्याला अर्धा लिटर. कोशिंबिरीला करडई, कच्ची. ओमेगा-3 या दोन्हींत नावालाच, म्हणून भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, तळून नाही, तिखल्यात. तूप दिवसाला एक चमचा, चहाचा. बाबांची स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी चालूच आहे. तेल बदललं म्हणून ती सोडायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलंय.