डार्क पीकचा ओएस एक्सप्लोरर नकाशा: इंग्लंडमध्ये पायी फिरणाऱ्यांनी घ्यावाच

ओएस म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था. हा तिचा १:२५,००० स्केलचा, ओएल१ क्रमांकाचा नकाशा. डार्क पीक म्हणजे इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधला डोंगराळ भाग, किंडर स्काउट हा डोंगर यातच येतो. १९३२ मध्ये याच डोंगरावर शेकडो लोक जमीनमालकांना न जुमानता घुसले होते, काहींना तुरुंगवास झाला, आणि आज तोच पठाराचा भाग नकाशात फिक्या पिवळ्या रंगात दिसतो, म्हणजे २००० च्या कायद्याने पायी कुठेही फिरा, वाट सोडून सुद्धा! मला तर ते बघूनच भारी वाटतं. हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काच्या पायवाटा, त्या खासगी शेतातून जात असल्या तरी मालक अडवू शकत नाही. शेतांच्या भिंती, कुंपणं पण दाखवलीत त्यामुळे वाट भिंतीच्या कुठल्या बाजूने जाते हे लगेच कळतं.

एक लक्षात ठेवा, पिवळ्यात तंबू आणि सायकलला आपोआप परवानगी नसते, आणि मालक वर्षातले २८ दिवस जमीन बंद ठेवू शकतो, ते छापील नकाशात कसं दिसणार, निघण्याआधी ऑनलाइन चेक करा. या पिवळ्या भागात मार्च ते जुलै कुत्रा दोरीला बांधलेलाच हवा. स्कॉटलंडला जाणार असाल तर तिकडचा २००३ चा कायदा खूपच मोकळा आहे, इंग्लंडमध्येही तसाच हवा असं माझं ठाम मत. नकाशाला पाच स्टार.