माजी सैनिक ओळखपत्र: अकरा महिने वापरल्यानंतर

31 ऑक्टोबर 2024 ला मी पेन्शनीवर आलो. मराठा लाइट इन्फंट्री, 24 वर्षं, हवालदार. गावानं वेशीपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून मिरवलं. हलगी, गुलाल, चौकात भला मोठा फ्लेक्स. तो फ्लेक्स सध्या कडब्याच्या गंजीवर आहे. जाड निघाला, यंदाच्या पावसात आत थेंब गेला नाही. मिरवणुकीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. फक्त त्या दिवशी एवढ्या लोकांनी हार घातले, त्यातल्या एकानं जरी कानात सांगितलं असतं की "मेजर, उद्यापासून तुमचा कंपनी क्लार्क तुम्हीच," तर माझे सहा महिने वाचले असते. (आमच्याकडे शिपायापासून सुभेदारापर्यंत सगळ्यांना मेजरच म्हणतात. खऱ्या मेजरला काय म्हणत असतील देव जाणे.)

आधी एक खुलासा. कार्ड म्हणजे एक नव्हे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, दवाखान्याचं ईसीएचएस कार्ड, कॅन्टीनचं कार्ड आणि पेन्शनचा कागद म्हणजे पीपीओ, असा सगळा मिळून संसार आहे. मी सगळ्यालाच कार्ड म्हणणार आहे.

पेन्शन. हिच्याबद्दल थोडक्यात, कारण चालतं त्याबद्दल फार लिहावं लागत नाही. पूर्वी बँकेमार्फत यायची, आता 'स्पर्श' या सरकारच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवरून थेट खात्यात पडते. पहिल्या महिन्यापासून आली आणि वेळेवर येते. जवळपास सगळ्यांसारखीच मीही निम्मी विकली, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेतले, कम्युट केली. ती 15 वर्षांनी पूर्ववत होते. महागाई भत्ता मात्र मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळतो, हे ध्यानात ठेवा, हिशोब करताना पुष्कळजण इथं चुकतात. समान पद समान पेन्शन 1 जुलै 2014 पासून लागू आहे आणि दर 5 वर्षांनी फेर होतो. त्यासाठी म्हातारी माणसं 2015 च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर बसली होती. आम्ही तेव्हा नोकरीत होतो आणि मेसच्या टीव्हीवर बघत होतो. आज त्यांचंच खातोय.

आता नावाची भानगड. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला म्हणून सविस्तर लिहितो.

2006 साली माझं लग्न झालं. रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं. पोरी हसल्या, फोटो निघाला. सुट्टी संपवून मी युनिटला गेलो, क्लार्कनं विचारलं "वाइफ का नाम?" आणि मी ते तांदळातलं नाव सांगितलं. तेच पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींच्या लष्करी कागदावर चढलं. पुढं तिचं आधार काढलं ते शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे माहेरच्या नावानं. पॅनही तसंच. 18 वर्षं या दोन बायका एकाच घरात गुण्यागोविंदानं नांदल्या. मी पेन्शनीवर आलो आणि सरकारनं विचारलं, यातली तुमची कुठली?

प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, राजपत्र, मग रेकॉर्डला, म्हणजे पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला अर्ज, मग वाट. चूक कुणाची म्हणाल तर माझीच. नोकरीत असताना एका अर्जात हे काम झालं असतं. तेव्हा क्लार्क समोर बसायचा, सही करायला साहेब बाजूच्या खोलीत असायचे, आणि मी म्हणायचो, बघू पुढच्या वेळी.

आईचं तर विचारूच नका. आई शाळेत गेलेली नाही. आधार काढणाऱ्या पोरानं वय विचारलं, तिनं सांगितलं, "दुष्काळाच्या आधी माझं लगीन झालं हुतं." त्यानं विचार करून 1 जानेवारी 1970 टाकलं. माझा जन्म 1982 चा, 1 जूनचा. आमच्या बॅचमध्ये निम्मी पोरं 1 जूनचीच होती, सगळी मास्तरांची कृपा. तर कागदोपत्री माझी आई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे. अवलंबित म्हणून तिचं दवाखान्याचं कार्ड काढायचं तर एवढी एक अडचण.

जे अजून नोकरीत आहेत त्यांनी हे वाचून झाल्यावर पहिलं काम हे करा: डिस्चार्ज ड्रिलला, म्हणजे निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी सेंटरला जायच्या किमान वर्षभर आधी बायको, मुलं, आईवडील यांची नावं आणि तारखा आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. इंग्रजी स्पेलिंगसकट. आणि पेन्शनच्या नोंदणीत स्वतःचा मोबाइल नंबर द्या. आमच्यातल्या एकानं घाईत दुसऱ्याचाच दिला. ओटीपी अजून त्या दुसऱ्याला जातो आणि तो सध्या सियाचीनला आहे.

ईसीएचएस. 2003 पासूनची योजना. त्याआधी पेन्शनर माणसाला मिलिटरी हॉस्पिटलात जागा असली तर उपचार, नसली तर तो आणि त्याचं नशीब. हवालदारापर्यंत 30 हजार रुपये एकदाच कापतात आणि नवरा-बायकोचं जन्मभराचं काम होतं. कागदावर याच्या तोडीची सोय साध्या माणसाला कुठंच नाही, हे आधी मान्य करतो. आधी पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्याच दवाखान्यात जायचं, तिथला डॉक्टर तपासून रेफरल देतो, मग पॅनेलवरच्या खासगी दवाखान्यात कॅशलेस. वॉर्ड मात्र पदाप्रमाणे. आम्ही जनरलवाले, जेसीओ साहेब (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सेमी-प्रायव्हेट, ऑफिसर प्रायव्हेट.

ऑगस्टमध्ये बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. रेफरल घेऊन पॅनेलवरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड बघितलं आणि कॉम्प्युटरकडं न बघताच म्हणाली, "या कार्डाचे बेड फुल आहेत." माझा चुलतभाऊ सोबत होता. त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, दहा मिनिटांनी त्याच काउंटरवर जाऊन रोखीनं विचारलं. मुलगी म्हणाली, "जनरल हवा की डिलक्स?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. बायको पोट धरून बाकावर बसली होती. पण नंतर पॉलिक्लिनिकात एका वयस्क सुभेदार साहेबांनी समजावलं, तेव्हा त्यातलं गणित कळलं. दवाखान्यांना सरकारी दरानं, म्हणजे सीजीएचएसच्या दरानं पैसे मिळतात आणि बिलं अडकून पडतात. रोखीचा पेशंट समोर असेल तर ते आपल्याला कशाला घेतील? साहेबांनीच दुसऱ्या दवाखान्याचं नाव दिलं. तिथं तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही, डॉक्टरांनी बायकोला "वहिनी" म्हणून सगळं नीट समजावून सांगितलं. योजना एकच, कार्ड एकच. पॅनेलची यादी ऑनलाइन बघायला मिळते, पण कोण खरंच घेतो आणि कोण टाळतो हे पॉलिक्लिनिकच्या बाकावरच कळतं. तिथं तासभर लवकर जाऊन बसा.

औषधांचं म्हणाल तर माझ्या पाठीच्या गोळ्या तीन वेळा मिळाल्या, दोन वेळा चिठ्ठीवर 'एनए' चा, म्हणजे औषध शिल्लक नसल्याचा शिक्का बसला. सरासरी धरा.

कॅन्टीन. कार्डाचं सगळ्यात लोकप्रिय फीचर, आणि ते मी सोडून सगळे वापरतात. किराण्याचं ठीक आहे, साबण-तेल-बिस्किटात महिन्याला चार पैसे वाचतात. दुसऱ्या कोट्याचं काय सांगू. सेवापूर्तीच्या दिवशी ज्यांनी गळ्यात पडून डोळ्यांत पाणी आणलं, त्यांतल्या अकरा जणांनी पुढच्या आठवड्यात हळूच विचारलं, "मेजर, तुमचं दारूचं कार्ड चालू झालं का?" मी पीत नाही. हे सांगितल्यावर त्यांच्या डोळ्यांतली आशा दुप्पट झाली.

टोलनाक्यावर कार्ड दाखवू नका. सवलत नोकरीत असलेल्यांना आहे, पेन्शनरांना नाही. आनेवाडीला मी ऐटीत दाखवलं, मागं गाड्यांची रांग, बाजूला मुलगा बसलेला. व्हायची ती शोभा झाली.

घरपट्टी माफ होते. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना, ग्रामपंचायतीतही चालते. सैनिक कार्यालयाचा दाखला जोडा, काम होतं. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्यासाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय. मुलींना महिन्याला 3000 रुपये आहेत.

नोकरीचा विषय लांबवत होतो. मी 42 व्या वर्षी घरी आलो. दुसऱ्या महिन्यापर्यंत लोक विचारायचे, "सुट्टी किती दिवस?" सांगितलं की कायमचा आलोय, तर चेहरे पडायचे, जणू मला काढून टाकलंय. मुलगा आठवीत आहे, निम्मी पेन्शन विकलेली, घराचं कर्ज आहे. म्हणजे काम पाहिजेच. राज्याच्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. पण परीक्षा तीच, आणि शेजारच्या बाकावर पुण्याच्या पेठेत राहून पाच वर्षं फक्त हाच अभ्यास केलेला पोरगा. मी शेवटचं गणित सोडवलं ते बहुतेक मॉर्टारच्या रेंजचं. दहावी आणि 15 वर्षं सेवा असली की पदवीसमकक्ष प्रमाणपत्र मिळतं, तेही घेऊन एका कार्यालयात गेलो. समोरच्यानं उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "हे कुठलं विद्यापीठ?"

शेवटी पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर चार महिने काढले. बारा तासांची ड्युटी. गेटवर उभं राहायची लाज मला नाही, उणे वीसमध्ये उभा राहिलोय. पण एलएमजी (हलकी मशिनगन) शिकवणाऱ्या माणसाला सकाळी सहाला बाल्कनीतून "ए वॉचमन, मोटर चालू कर" असं ऐकायला लागतं, त्याची सवय लागायला वेळ लागतो. मला लागली नाही, मी परत आलो. आता दोन म्हशी आहेत, आणि तालुक्याच्या भरती अकॅडमीत पोरांना पळवतो.

पुण्यात असताना एक चांगलं झालं. सुट्टीच्या दिवशी खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला, म्हणजे जायबंदी जवानांच्या केंद्रात जायचो. आमच्या पलटणीतला एकजण तिथं असतो, मानेखाली हालचाल नाही. ओठांत ब्रश धरून चित्रं काढतो. मी गेलो की चित्राबद्दल बोलायचा नाही. "दोन नंबर सेक्शनला आता एलएमजी कुणाकडं आहे?" असलं विचारायचा. मलाही माहीत नसायचं, मी दडपून नाव सांगायचो. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या लढाईत गोळ्या लागून अधू झाले, 1972 ला हायडेलबर्गला पोहून पॅरालिम्पिकचं सोनं आणलं. पद्मश्री मिळाली 2018 ला. मधल्या 46 वर्षांत त्यांचा कागद कुठल्या टेबलावर होता, हा प्रश्न मला तिथून बसनं परतताना दर वेळी पडायचा.

ज्यांना नोकरीत काही दुखापत किंवा आजार आहे त्यांनी रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय सेंटर सोडू नका. आजार सेवेमुळं झाला किंवा वाढला, असं त्यात आहे की नाही यावर अपंगत्वाची पेन्शन ठरते. भरतीच्या वेळी माणूस धडधाकट नोंदला असेल तर पुढचा आजार सेवेमुळंच झाला असं धरून चालायचं, नाही म्हणायचं तर ते सरकारनं सिद्ध करायचं, असं सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलंय. नाकारलं तर लष्करी न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे.

हयातीच्या दाखल्याचं तेवढं सांगतो. आमच्या आळीत एक आजी आहेत, नवरा 71 च्या लढाईतला, त्यांना फॅमिली पेन्शन आहे. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. जन्मभर खुरपं धरून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या, त्यामुळं मशिन घेत नव्हतं. दर नोव्हेंबरला रिक्षा करून तालुक्याला जायच्या आणि परत यायच्या. मागच्या नोव्हेंबरला मी मोबाइलवर चेहरा दाखवून करायचं ॲप घेतलं आणि त्यांच्या ओट्यावर बसलो. पदर सावरून बसल्या, फोटो काढतोय म्हणून. ॲपनं सांगितलं डोळे मिटून उघडा. मी म्हटलं, "आजी, डोळे मिचकवा."

"कुणाला?"

"सरकारला."

एवढ्या हसल्या की तीन वेळा फेल गेलं. चौथ्यांदा हिरवी खूण आली. आता आळीतल्या सहा जणींचं मीच करतो. क्लार्क म्हणून माझी बढती झालीय म्हणा.

शेवटचा प्रश्न अकॅडमीतल्या पोरांचा असतो. "सर, तुमच्यासारखं कार्ड आम्हाला मिळणार का?" मी गोल बोलत नाही. 2022 च्या अग्निपथ भरती योजनेत चार वर्षांनी शंभरातले 25 पर्यंत ठेवतात. बाकीच्यांना सेवानिधीचे एकरकमी सुमारे 11.71 लाख मिळतात. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिक म्हणून दर्जाही नाही. पहिली तुकडी 2026 च्या अखेरीस घरी यायला लागेल. पोरं ऐकून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला परत ग्राउंडवर हजर असतात. सोळाशे मीटरची वेळ सुधारत चाललीय त्यांची.

अपडेट: बायकोचं नाव रेकॉर्डला दुरुस्त झालं, मागच्या मंगळवारी मेसेज आला. आईचं कार्ड अजून प्रक्रियेत. वयाच्या पुराव्याला तिच्या धाकट्या भावाचा शाळेचा दाखला चालेल का, ते विचारायला सोमवारी जातोय.