१४४ हर्ट्झ सांगून ६० चा मॉनिटर गळ्यात मारला

मी पारोळा तालुक्यातला, नोकरी धुळ्याच्या एमआयडीसीत. स्वतः जुळवलेला गेमिंग पीसी घ्यायचा म्हणून दीड वर्ष पैसे बाजूला टाकले. शेवटी आबांनी कापूस विकून आलेल्या पैशातले दहा हजार हातावर ठेवले तेव्हा जमलं. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, सगळं तीन महिने चौकशी करून घेतलं. मॉनिटरसाठी साडेआठ हजार उरले होते, आणि तिथेच मी घाई केली.

दुकान जळगावचं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. काउंटरवर २४ इंची मॉनिटर चालू होता. मी स्वतः विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये शिरून पाहिलं, १४४ हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा नवं चित्र दाखवतो. आयपीएस पॅनेल, बाजूने उभं राहिलं तरी रंग फिका पडत नव्हता. दुकानदार म्हणाला, "दादा, हाच पीस आहे, पॅक बॉक्स देतो." आतून बॉक्स आला, त्यावरची टेप कोरी करकरीत. उघडून लावून दाखवा म्हटलं तर म्हणे, "सील तोडलं की वॉरंटी जाते." हे धादांत खोटं आहे. बॉक्स उघडल्याने वॉरंटी जात नाही, पण तेव्हा मी गप्प बसलो.

मग बिलाचा विषय निघाला. "पक्कं बिल पाहिजे तर वरून १८ टक्के जीएसटी लागेल." म्हणजे आणखी १,५३० रुपये, आणि खिशात परतीच्या एसटीचेच होते. खरं तर बॉक्सवरची छापील किंमत सगळे कर धरूनच असते. मला चिठ्ठी मिळाली, तिच्यावर फक्त "मॉनिटर १ नग". पैसे यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या खात्यावर नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर.

रात्री घरी जोडला. सेटिंगमध्ये ६०. आधी काही वाटलं नाही, कारण नवा मॉनिटर लावला की विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं, आपल्याला हाताने वाढवावं लागतं. पण हर्ट्झची यादी उघडली तर ६० च्या वर आकडाच नाही. दुकानदाराला फोन केला. "केबल बदला, डिस्प्लेपोर्टची लावा." मोबाइलची बॅटरी मारून मागे पाहिलं, तर डिस्प्लेपोर्टची केबल खोचायची जागाच नव्हती. एक एचडीएमआय, एक व्हीजीए.

तेवढ्यात मागच्या स्टिकरचा एक कोपरा उचललेला दिसला. नखाने हळूहळू सोलत गेलो. खाली दुसरा स्टिकर होता, पिवळा पडलेला, त्यावर वेगळाच मॉडेल नंबर. शेजारी वाळलेल्या गोंदाचा चौकोनी डाग, ऑफिसात प्रत्येक वस्तूवर नंबराची पट्टी चिकटवतात ना, तेवढाच. कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला मॉनिटर पुसूनपासून माझ्या हातात दिला होता.

गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक नाना आहेत, त्यांना सकाळी बोलावलं. स्टिकर कुणीही छापतं, पण मॉनिटरच्या आत ईडीआयडी नावाची माहिती साठवलेली असते. कंपनी, मॉडेल, तयार झाल्याचं वर्ष, सगळं तिच्यात असतं, आणि फुकट मिळणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने ती वाचता येते. नानांनी वाचली. वर्ष २०१५. माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, हाऊ साठनाच शे." म्हणजे हा साठचाच आहे.

६० हर्ट्झला पडद्यावर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला ६.९ नी. माझं कार्ड हलक्या गेममध्ये सेकंदाला शंभराच्या वर चित्रं काढतं आणि पडदा दाखवतो साठच. कार्डाला घातलेले पैसे तिथे अडकून पडले, याचं दुःख मॉनिटरच्या पैशापेक्षा जास्त आहे.

दुकानात गेलो. दुकानदाराने माझीच चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "यावर १४४ कुठे लिहिलंय?" त्याला काय उत्तर देणार? तरीही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा बिलच मागितलं. यूपीआयची नोंद, चिठ्ठी, दोन्ही स्टिकरचे फोटो, ईडीआयडीचा स्क्रीनशॉट, जे होतं ते दिलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, त्यामुळे तिथेही जाणार आहे. आबांना अजून सांगितलेलं नाही.

मागच्या रविवारी मामाच्या मुलाचा मॉनिटर घ्यायला गेलो, दुसऱ्या दुकानात. त्याचा सीपीयू आणि डिस्प्लेपोर्टची केबल मोटरसायकलवर बांधून नेली. आधी विचारलं, बॉक्स इथेच उघडणार का? हो म्हणाले तेव्हा आत बसलो. जो पीस घरी न्यायचा तोच जोडून यादीत १४४ पाहिलं, ईडीआयडी वाचली, काळा आणि पांढरा पडदा लावून मेलेले पिक्सेल, म्हणजे बंद पडलेले ठिपके, शोधले. मागचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहिला. बॉक्सवरचा, मॉनिटरवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर मी मोठ्याने वाचला, मामाचा मुलगा बोट ठेवून जुळवत गेला. बिलावर मॉडेलपुढे "१४४ हर्ट्झ" हाताने लिहून घेतलं, शिक्क्यासकट. कर धरून ८,९०० रुपये झाले.