खांबावरचं घर की माळावरचं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावठाणात ज्याचं जुनं घर आहे, त्याच्यापुढे पुरामुळे हल्ली दोनच वाटा असतात. आहे त्या जागेवर खांब उभे करून घर वर बांधायचं, नाहीतर गाव सोडून माळावर दोन-तीन गुंठे घ्यायचे. आमच्या घरात दोन्ही झालं. थोरल्या भावाने जुन्या जागेवर खांबावर बांधलं, मी माळावर आलो. येणं-जाणं रोजचं, त्यामुळे दोन्हीकडचं सुखदुःख ठाऊक आहे. माझा कल कुठे आहे तो लपणार नाही, पण भाऊ चुकला असंही मी म्हणणार नाही.

आधी उंचीचं बोलू, कारण खांबाच्या घराचा सगळा हिशेब तिथेच अडतो. लोक कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरल्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा धरतात. तिथे २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला ५६ च्याही वर, म्हणजे मोठा पूर २०२१ चा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मात्र उलटं: २०१९ ला ५७ च्या वर आणि २०२१ ला ५५ च्या आसपास. आपण या दोन्हींच्या खाली, नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढे वाटच मिळत नाही, पाणी मागे फुगत येतं. राजारामला उतार लागला तरी आपल्याकडे चढतच असतं, आणि उतरतंही सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळे कुठल्याच पुलावरच्या फुटावरून आपल्या जोत्याची उंची निघत नाही. २००५ ची खूण बघून ज्यांनी जोती उचलली होती, त्यातल्या कितीतरी घरांत २०१९ ला पाणी शिरलं. भावाने २०१९ ची भिंतीवरची ओली रेघ धरली आणि वर चांगलं हातभर सोडलं. त्यात खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात ५१९.६० मीटरऐवजी ५२४ च्या पुढे पाणी साठवायचा कर्नाटकाचा बेत आहे, आणि त्याचा फुगवटा आपल्यापर्यंत येईल अशी लोकांना भीती. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने त्याचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आणि आमच्या गावात ते अजून कुणाला पटलेलं नाही. मी त्या वादात पडत नाही. खांब हातभर वाढवायला तेवढी शंका पुरते, इतकंच.

खांबाच्या घराचं कौतुक करायलाच हवं. पूर ओसरल्यावर आमच्या जुन्या आळीत लोक भिंती खरवडत असतात, गाद्या जाळत असतात, आणि वहिनी वर चहा टाकत असते. खाली उघडी जागा, तिथला गाळ उतरत्या पाण्याबरोबरच ढकलून द्यायचा. तो वाळला तर खोरं लागतं. एरवी वर्षभर त्या खालच्या जागेत ट्रॅक्टर, खतं, लग्नकार्याची पंगत सगळं मावतं. मळीतलं, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतलं, रान हाकेच्या अंतरावर. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, तिथे पैसा जातो, पण गाव सुटत नाही आणि याला किंमत लावता येत नाही.

मग मी का नाही बांधलं? म्हशींमुळे.

म्हैस जिना चढत नाही. माणसं वर जातील, धान्य, कागदपत्रं, टीव्ही वर जाईल, दावणीचं काय? आणि घर बुडायच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. गावाबाहेरच्या ओढ्यावर पाणी आलं की जनावरं त्याच रात्री हलवावी लागतात, घर कितीही उंच असो. टेम्पो मिळत नाही, मिळाला तर भाडं तो सांगेल ते. पै-पाहुण्यांच्या गोठ्यात नाहीतर छावणीत नेऊन बांधायचं. घरातला एक माणूस जनावरांबरोबर गेला आणि बाकीचे वरच्या मजल्यावर राहिले, की पाणी उतरेपर्यंत घर दोन ठिकाणी. पुरात डीपीवरून वीज बंद केल्यामुळे फोनही चार्ज होत नाही, तिकडे काय चाललंय ते कळत नाही.

एवढं करून म्हशी वाचतात, पण परकी जागा, परकी माणसं, भिजलेली वैरण, त्यात म्हैस पान्हा चोरते. कास दगडासारखी होते आणि दूध उतरत नाही. परत आणल्यावरही पहिल्या दुधावर यायला तिला फार वेळ लागतो. आमची एक चांगली दुभती म्हैस अशीच आटली, ती पुढच्या वेतापर्यंत. पंचनाम्यात जनावर मेलं तर रकाना आहे. आटलेल्या म्हशीला रकाना नाही. भावाला हे सगळं मान्य आहे. तो म्हणतो, मी जनावरं कमी केली, एक गाय ठेवली. बरोबर आहे, त्याची मुलं नोकरीला आहेत. माझं घर दुधाच्या बिलावर चालतं.

माळावर गोठ्याचं दावंही सोडावं लागत नाही. कडबा कोरडा, मुरमाची जमीन, शेण-मूत निचरून जातं. पाऊस कितीही लागला तरी रात्री झोप लागते.

आता माळाची दुसरी बाजू. कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला पुनर्वसनाच्या जागा मिळाल्या, तरी जुनं गाव काही रिकामं झालं नाही, आणि २०१९ ला तिथून माणसं बोटीने काढावी लागली. बाहेरचे लोक याला हट्ट म्हणतात. माळावर राहायला आल्यावर मी तरी म्हणत नाही. थ्री फेज लाईट रात्रीची असेल तेव्हा मळीतली मोटर चालू करायला माळावरून तेवढं अंतर अंधारात जावं लागतं. वैरण रोज गाडीवरून आणायची. बोअरचं पाणी चहा फाटेल इतकं मचूळ. आईचा जीव अजून रमलेला नाही, तिला देवळाची घंटा ऐकू येत नाही. आणि माळावर पूर येत नाही म्हणजे पुराचा त्रास होत नाही, असंही नाही: नळयोजनेचं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, नदीलाच आहे. ते बुडालं की गावाबरोबर माझाही नळ कोरडा.

माळावर जागा घेणार असाल तर पूररेषेचा नकाशा बघाच. निळी रेषा नेहमीच्या पुराची, लाल त्याहून मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाचा विषयच नाही, आणि निळ्या-लाल रेषांच्या मधला प्लॉट स्वस्त मिळतोय म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर तो माळ नव्हे. पण नकाशापेक्षा माझा एका प्रश्नावर जास्त भरवसा आहे: २०१९ ला दुधाची गाडी कुठपर्यंत येत होती? दूध संकलनाला जाणारा कुणीही बरोबर सांगेल. काही माळ स्वतः कोरडे राहतात, पण दोन्ही बाजूंचे ओढे भरले की त्यांचं बेट होतं. तिथे म्हशी सुखरूप, दूध मात्र ओतून द्यायचं. अशा जागेपेक्षा भावाचं घर परवडलं.

घरात जनावर नसेल किंवा एखादंच असेल, गुडघे धड असतील आणि रान मळीत असेल, तर खांबावर बांधा. मी नाही म्हणणार नाही. दावणीला तीन-चार म्हशी असतील तर माळ बघा, आणि जुनी जागा विकू नका. आमची मोटरची पेटी, औषध फवारायचा पंप आणि माझी दुपारची झोप अजून भावाच्या खांबांखालीच असते.