मॅडमचा थेरपी ट्रेनिंग कोर्स आणि सुपरव्हिजन: बंद झालेल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

जी सर्व्हिस आता कुणालाच मिळणार नाही तिचा रिव्ह्यू कशाला असं कुणीही विचारेल, पण मॅडम गेल्यापासून जो तो "किती प्रेमळ होत्या" एवढंच लिहितोय आणि ते वाचून वाचून वैताग आलाय. प्रेमळ होत्याच हो, पण शिकवताना भयंकर कडक होत्या आणि आम्हाला जे काही येतं ते त्या कडकपणामुळे येतं.

मी त्यांच्याकडे थेरपी शिकले, घेतली नाही. खरं तर घ्यायची होती, बॅचमधल्या बऱ्याच जणांना हवी होती, पण सरळ नाही म्हणाल्या. "तुझे मार्क माझ्या हातात, मग माझ्यासमोर मोकळेपणी रडशील का तू?" आणि दुसऱ्या थेरपिस्टची नावं लिहून दिली. आपल्याच विद्यार्थ्यांना क्लायंट करून घेणारे लोक नंतर बघितले, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

कोर्सचा जीव होता सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आम्ही घेतलेली सेशन मॅडमनी तपासून शिकवण्यात. क्लायंटच्या लेखी परवानगीने केलेलं सेशनचं रेकॉर्डिंग घेऊन जायचं आणि सगळ्यांसमोर लावायचं. मॅडम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या पठडीतल्या, म्हणजे सल्ले देण्यापेक्षा क्लायंटचं नीट ऐकण्यावर भर, आणि रॉजर्सनी टेपरेकॉर्डर सर्रास मिळायच्या आधी तबकड्यांवर सेशन रेकॉर्ड केली होती, १९४२ मध्ये तर एक अख्खी केस शब्दशः छापली, तर तुम्हाला मोबाइलवर करायला काय होतं असं त्यांचं म्हणणं. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये क्लायंट बोलता बोलता गप्प झाली आणि मी लगेच "मग तुम्ही भावाशी बोलून बघा ना" म्हणाले. मॅडमनी पॉज केलं, मागे नेलं, परत लावलं. फक्त ती शांतता. एक लांब श्वास आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. तीनदा तेवढंच ऐकवलं आणि मग म्हणाल्या, "ती रडायच्या बेतात होती. घाई तिला नव्हती, तुला होती." घाम फुटला मला. थेरपीने माणूस बदलायला काय लागतं याच्या रॉजर्सच्या १९५७ च्या पेपरमधल्या अटी, एम्पथी (समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं), अनकंडिशनल पॉझिटिव्ह रिगार्ड (कुठलीही अट न घालता स्वीकारणं) वगैरे, कुणी घडाघडा म्हणायला लागलं की मॅडम सरळ खिडकीबाहेर बघायच्या.

कमी काय होतं तेही सांगते, नाहीतर हाही श्रद्धांजलीचाच लेख व्हायचा. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) त्यांनी अक्षरशः गुंडाळलं. ओसीडीसाठी (नको ते विचार आणि त्यापायी परत परत केल्या जाणाऱ्या कृती) सीबीटीमधल्या एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनला, म्हणजे भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि ती कृती करायची नाही या पद्धतीला, चांगला पुरावा आहे, नुसतं समजून घेत ऐकत बसून ते भागत नाही, आणि ते मला बाहेर वेगळं शिकावं लागलं. लेखी फीडबॅक तर वेळेवर कधीच नाही.

आता ज्याबद्दल कुणीच लिहीत नाहीये ते. मॅडमनी प्रोफेशनल विल करून ठेवलं होतं, म्हणजे आपल्याला काही झालं तर क्लायंटना कुणी फोन करायचा, नोट्स कुणाच्या ताब्यात जाणार, किती काळ ठेवून नष्ट करायच्या, पुढे कुणाकडे पाठवायचं, सगळं लिहून एका सहकारी बाईंकडे दिलेलं. त्यामुळे चालू क्लायंटना बातमी एका जाणत्या माणसाने फोन करून सांगितली, फेसबुकवरून कळायची वेळ आली नाही. हे फार कमी जण करतात आणि न केल्याचे हाल क्लायंटचे होतात.

शोकसभेत मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. शेजारच्याने सहज विचारलं, तुमची ओळख कशी? "अशीच, ओळखीच्या होत्या," म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. क्लायंट असतील, नसतीलही, मी अंदाज बांधायचा नाही हे मॅडमनीच शिकवलंय. पण क्लायंटची पंचाईत हीच, माणूस इतकं जवळचं आणि नातं मात्र कुणाला सांगता येत नाही, ना ऑफिसात सुट्टी मागता येते ना घरी नीट रडता येतं. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ज्याला डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ म्हटलं, समाज ज्याला दुःख म्हणून धरतच नाही, ते हेच. तुम्ही त्यातले असाल तर नव्या थेरपिस्टशी पहिले काही सेशन फक्त मॅडमबद्दल बोललात तरी चालतं, तोही थेरपीचाच भाग आहे.

अर्धवट राहिलेली बॅच त्याच सहकारी बाई पूर्ण करून घेतायत. रेकॉर्डिंग ऐकायची पद्धत तीच आहे, आणि ओसीडीचा भाग वाढवलाय म्हणे.